काच

दार एका वेळी एकच उघडायचं,
गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची,
हे आम्हाला चालता येण्याआधी शिकवतात.
रिओ मायोच्या पंपावर कुणी परका माणूस
हे न कळून उतरला, आणि त्याच्या गाडीचं दार
बिजागरीतून उलटं वळलं, कान पिळल्यासारखं.
आई हसली नाही. मागं जाऊन तिनं
काचेच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या.

काच दीड मीटर बाय एक,
मेंढीच्या चार कातड्यांत गुंडाळलेली,
हौद्यात, दोन गाद्यांच्या मधोमध.
बाबांच्या खिडकीसाठी.
बाबा सहा वर्षांपूर्वी डोंगरात गेले.
दुसरी बाई नव्हती कुणी. वारा होता.
"डोक्यात सतत कुणीतरी पत्रा ओढतंय, ओफेलिया,"
असं म्हणाले, आणि जिथं झाडं आहेत
तिथं निघून गेले.

रस्ता खडीचा. उत्तरेला जाताना वारा डावीकडून,
म्हणून सरळ जायचं तर स्टिअरिंग तिरकं धरायचं;
आईचं एक मनगट त्यामुळं जाड आहे.
कोइरोनचं गवत जमिनीला चिकटून पडलेलं.
तारेच्या कुंपणावर एक ग्वानाको,
उडी अर्ध्यात राहिलेला, आता नुसतं कातडं,
तेही वाऱ्यात अजून पळतंय.
मी येर्बाचा कडू चहा भरून देते,
ती रस्त्यावरची नजर न हलवता पिते.

दुपारी पश्चिमेला पांढरी रेघ.
ढग, मी म्हणाले.
ढग इतका वेळ एका जागी बसत नाहीत, आई म्हणाली,
इथले तर नाहीच.
आम्ही वळलो, वारा थेट तोंडावर आला.
दोन तास ती रेघ तेवढीच राहिली,
मग अचानक तिला दात फुटले.

पहिलं लेंगाचं झाड आलं आणि वारा
मागंच उभा राहिला,
कुत्रं आपल्या हद्दीशी थांबतं तसा.
इतकं शांत, की हौद्यातली काच
किणकिणतेय हे आत्ता कळलं.
दिवसभर ती बोलत आली होती.

छपरावरचा बर्फ घसरून खिडकी फुटलेली,
तिथं बाबांनी नायलॉन ठोकलेलं.
दाढी पांढरी, हात तेच.
आईनं इंजिन चालूच ठेवलं.
तिघांनी मिळून काच उतरवली; तिच्यात क्षणभर
हिमाचा कडा आला, मग मी, मग बाबांची टोपी.

"वारा?" त्यांनी विचारलं,
घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी तसं.
"आहे," आई म्हणाली. "तुझी आठवण काढत नाही."
त्यावर ते हसले, मग तीही,
आणि मी काचेचं दुसरं टोक धरून उभी,
हात भरून आलेले,
लवकर कुणीतरी लांबी आणा म्हणत.

इंजिन केव्हातरी थांबलं.
पेट्रोल संपलं असेल, आई म्हणाली.
काटा पाव टाकीवर होता.