डावी मूठ

पौषातला बुधवार. केशोरी फाट्यावर
शटर अर्धंच उचललं होतं,
तेवढ्यात फुलवंता सिस्टर स्कूटर घेऊन दारात.
गाडी स्टँडवरही न लावता म्हणाली,
"भाऊ, माह्या हँडलमंदी शेगडी बसवून दे."

मी हसलो. तिनं हातमोजा काढला.
बोटं पांढरीफटक, नखांखाली जांभळं.
"दोन-दोन मोजे घालून पाह्यले.
इटियाडोहाचं धुकं मोज्यातूनई आत येते.
पोट्ट्याइले सुई नाई टोचत जी,
माह्या बोटाइची थंडी टोचते.
सुई लावाच्या आधीच रडतेत."

मागच्या सीटवर तिचा निळा डबा, पट्ट्यानं आवळलेला.
आत बर्फाच्या वड्या, मधे लसी.
ती थंडी जपायची,
दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही,
आणि ही घालवायची.
एकाच गाडीवर.

जुन्या शेगडीची स्प्रिंग ओढून सरळ केली.
मीटरवर दहा ओहम दिसले तिथं कापली,
असे दोन तुकडे.
फायबरच्या नळीत घालून मुठींवर गुंडाळले,
वरून कापडी टेप.

उजवी मूठ फिरते. तिच्या तारेला ढील लागते,
गोऱ्ह्याच्या दाव्याला ठेवतो तेवढी,
पूर्ण रेस दिली तरी ताण येऊ नये.

डावी फिरत नाही, म्हणून सोपी वाटते.
पण तिच्या पोटात लोखंडी नळी,
दिलेली ऊब सगळी पिऊन घेते.
उजवी पाच मिनिटांत शेकली,
डावी ढिम्म.
मग तिच्याखाली सायकलची ट्यूब घातली
आणि तार चार बोटं आखूड केली.
आखूड तारेतून करंट जास्त धावतो.
रज्जाक उस्ताद घसा फोडून सांगायचे,
तार वाढवली की ऊब घटते रे, गधड्या.
माझ्या डोक्यात हे शिरायला
सात वर्षं लागली.

एक चूक केली, सांगूनच टाकतो.
घाईत लाइन थेट बॅटरीला दिली.
चावी काढली तरी शेगडी चालूच.
रात्रभर उपकेंद्राच्या ओट्याशी
त्या मुठी तापत राहिल्या,
कोणाच्याच हातात नसताना.
पहाटे गाडी मेलेली.
डबा खांद्याला अडकवून ती सहा किलोमीटर
पायी गेली, धानाच्या बांध्यांमधून.

संध्याकाळी आली. मी नजर वर केली नाही.
म्हणाली, "मुठी मात्र मस्त गरम होत्या जी."

त्या दिवशी रिले बसवला.
आता चावी फिरली तरच आत टक् होतं
आणि मगच करंट मुठीकडे निघतो.
सीटखाली पाच अँपियरचा फ्यूज.
दोन्ही मुठी धरून मीच बसलो थोडा वेळ,
तपासायला म्हणून.
बाहेर चहावाला बघत होता,
हा गाडी न हलवता कुठं चालला.

एकशे ऐंशी झाले होते. तिनं दीडशे दिले.
तीस राहिले, ते अजून राहिलेत.
पुढच्या बुधवारी ती थांबली नाही,
फाट्यावरून जाताना नुसता हॉर्न दिला,
आणि हात वर केला,
बिनमोज्याचा.
किती पोरं रडली, मी विचारलं नाही.

वैशाखात आली तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं.
हँडलवर ओला दुपट्टा टाकलेला.
"आता यायले थंड कराचं काई बसवतं का?"
"ते तुमच्या डब्यात आहे," मी म्हणालो.

सीट उचलली, फ्यूज उपसला,
रिकाम्या काड्यापेटीत घातला.
पेटीवर पेननं लिहिलं:
मडावी सिस्टर. कार्तिकात लावणे.
फळीवर आहे, इंडिकेटरच्या बल्बांशेजारी.
कधी हात लागला तर
आत वाजते.