रिकाम्या काट्यावर शून्य

सावद्याच्या पुढे, फैजपूर रस्त्याला
बोंडेंचा वजनकाटा. साठ टनी.
वरच्या खोलीत मी, लॅपटॉप,
आणि एक पंखा, दोनवर ठेवला तरी पाचवर फिरणारा.

काम एवढंच: केळीची गाडी काट्यावर चढली
की वजन आपोआप सर्व्हरवर जावं,
शेतकऱ्याच्या फोनवर पावती यावी,
कार्बन पेपर सुटावा एकदाचा.
बजेट विचारलं तर पुंडलिकशेठ हसले.
"फुकटात काय काय भेटतं ते पाह्य आधी."

भेटतं बरंच.
पहिलं टूल सगळ्यांच्या ओळखीचं, पुण्याच्या कंपनीत
मी त्याच्यावरच हात बसवला.
हल्ली ते दारातच ईमेल विचारतं,
मग पासवर्ड, मग टीमचं नाव.
टीम म्हणजे मी. लिहिलं: हेमांगी.
एक विनंती पाठवायची होती फक्त,
तर त्यानं माझ्या साऱ्या विनंत्या उचलून
कुठल्याशा देशातल्या ढगात नेऊन ठेवल्या,
सोबत काट्याची किल्लीही.

दुसरं साधं.
प्रत्येक विनंती एक फाइल, कोडच्या शेजारी,
माझ्याच फोल्डरात.
दुपारी नेट जातं तेव्हाही उघडतं.
तिसऱ्याला चेहराच नाही:
काळी खिडकी, पांढरी ओळ,
एक अवतरणचिन्ह चुकलं की रुसून बसणार.

आणि बॅकएंड?
तोही तयार मिळतो, टेबलं मांडलेली,
लॉगिनचं कुलूप लावलेलं,
आपण फक्त पाट ओढून बसायचं.
खाली बारीक अक्षरात:
आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर आम्ही झोपतो.
पितृपक्षात आमचा काटा दहा-दहा दिवस गार पडतो.
सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे
रावेरचा ट्रक येऊन उभा राहणार,
आणि सर्व्हर डोळे चोळत विचारणार, कोण?

तीन दिवस मी तक्ते केले.
लाल रकाना, हिरवा रकाना.
चौथ्या दिवशी रमजान तडवी चहा घेऊन वर आला.
एकोणीस वर्षं झाली, काटा त्याच्याकडे आहे.
"कुंडल्या जुळवू राह्यली का, ताई?"

त्याला सांगितलं. कितपत पोचलं, ठाऊक नाही.
बशीत चहा ओतत म्हणाला,
"मी सकाळी काय करतो?
रिकाम्या काट्यावर शून्य पाह्यतो.
मंग शेठचा ट्रॅक्टर चढवतो, अठराशे सत्तर.
मंग उतरवतो, पुन्हा शून्य पाह्यतो.
परतीचं शून्य नाही आलं
त पहिल्या शून्याले काय चाटायचं?"

त्या रात्री तक्ता पुसला.
फाइलवालं टूल घेतलं.
बॅकएंड माझा मीच लिहिला, दोनशे ओळींचा,
शेठच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर,
जो तोवर फक्त पाय टेकायला होता.
रोजची एक प्रत पेन ड्राइव्हवर,
आणि पेन ड्राइव्ह रमजानच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी.

सकाळी सहाला पहिली विनंती लिहिली.
काटा रिकामा. अपेक्षित उत्तर: शून्य.
आलं: वीस.

पुन्हा पाठवली. वीस.
कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला,
केबल काढून घातली,
जे नाकारलं होतं ते टूलही उघडलं,
ईमेल दिला, पासवर्ड दिला,
त्यानंही सांगितलं, वीस.
काळ्या खिडकीनं सांगितलं, वीस.
सात वाजले. डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं.

खालून शिट्टी ऐकू आली.
खिडकीतून पाहिलं तर
काट्याच्या लोखंडी पाट्यावर, रात्रीचा गारवा धरून,
ढाब्यावरचा पिवळा कुत्रा झोपलेला.
उठला. पुढचे पाय ताणले, मग मागचे.
सावकाश उतरला.

शून्य.

रमजान वर बघून काहीच बोलला नाही, तोंडात तंबाखू होती.
मी मात्र ती विनंती पुसली नाही.
दुसरी फाइल केली तिच्या शेजारी,
नाव दिलं: कुत्रा.
अपेक्षित उत्तर: वीस.