मीटरच्या मेमरीत

डिपार्टमेंटच्या पट्ट्या मंजूर व्हायला मार्च उजाडणार,
म्हणून मी घरचं मीटर आणलं.
माझंच. पहाटे साडेपाचला माझ्या बोटाचा थेंब प्यालेलं,
आता रुमालात गुंडाळून खिशात.
आजव्याच्या बसमध्ये मांडीवर बर्फाचा डबा,
शेजारी शाल्मली, पीएच.डी.चं दुसरं वर्ष,
गळ्यात मंगळसूत्रासारखं स्टॉपवॉच.

रमणभाई माछी होडीतून हसला:
‘साहेब, माछलीने पण डायाबिटीस थाय?’
नाही रे, घाबरते. घाबरली की रक्तात साखर चढते.
ती मोजायची.
‘एमां शुं मोजवानुं,’ तो म्हणाला, आणि जाळं ओढायला लागला.
समोरच्या गाळावर एक मगर ऊन खात पडलेली.
तिची साखर मोजायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

जाळं हललं की घड्याळ सुरू.
तीन मिनिटांच्या आत रक्त हवं,
त्यानंतरचं रक्त माशाचं नसतं, आपलं असतं,
असं शाल्मली म्हणते.

रोहू ओल्या फडक्यात. डोळ्यांवर फडक्याचं टोक.
शेपटीच्या जरा अलीकडे, पोटाच्या बाजूनं
दोन खवल्यांमधून सुई तिरकी,
मणका लागेपर्यंत आत, मग केसभर मागे.
माणसाची शीर निदान दिसते.
इथं एकतीस वर्षांची नोकरी बोटांच्या टोकाशी आणावी लागते.
एक थेंब पट्टीवर. पाच सेकंद.
उरलेलं बर्फात, युनिव्हर्सिटीसाठी.

पहिली ४२.
दुसरी ४७.
तिसरीच्या वेळी पट्टी गारठली, मीटर बोलेना,
मी ते काखेत धरून ऊब दिली, आजारी पोराला द्यावी तशी.
चौथी ६८.
आणि सातवी, बादलीत थांबलेली, १६१.
तिला कुणी हातही लावला नव्हता.
नुसतं ठेवलं होतं,
आणि शेजारच्या एकेक कमी होत गेल्या होत्या.

दुपारी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज घुमलं,
परीक्षानळ्यांत गुलाबी रंग चढला, कुठे फिका, कुठे गडद.
मीटरचे ४२ इथे ५५ निघाले.
मॅडम म्हणाल्या, ते यंत्र माणसाच्या रक्तासाठी,
माणसाच्या उबेसाठी; माशाला ते कमीच मोजणार.
पण क्रम चुकला नाही.
सातवी इथेही सगळ्यांत गडद.
शाल्मलीनं वहीत लिहिलं, मग पेन्सिलीनं समासात:
कुणी बघत नसताना किती?
त्या रकान्यात तिनं काहीच भरलं नाही.

शनिवारी रावपुऱ्यात डॉक्टर मजमुदारांनी
माझं मीटर हातात घेऊन मागं मागं नेलं.
‘बेचाळीस? अकरा तारखेला, सकाळी नऊला?
तुम्ही उभे कसे होतात?’
तो मी नाही. ती रोहू.
‘आणि सत्तेचाळीस?’
तीही.
चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मग माझ्या बायकोकडे.
‘हे आत्ताचं दोनशे बारा?’
हा मी. बाहेर बाकावर, नंबर येईपर्यंत.

त्यांनी अर्धी गोळी वाढवली.
मला विचारायचं होतं,
डॉक्टर, तुम्ही जाळ्यातला आकडा धरलात की बादलीतला,
पण मागे अजून नऊजण होते.

रिक्षात बायको म्हणाली, उद्यापासून वेगळं मीटर घ्या.
मी हो म्हटलं.
मला तो रमणभाई आठवत होता,
गुडघाभर पाण्यात उभा, टोचून झालेल्या एकेकीला
पोटाखालून अलगद धरून,
कल्ले नीट हलायला लागेपर्यंत.
किती वेळ धरायचं, मी विचारलं होतं.
‘जाय त्यां सुधी.’
सहाजणी लगेच गेल्या.
सातवीसाठी त्यानं विडी विझवली
आणि दुसराही हात पाण्यात घातला.