मुद्देमाल क्रमांक एक

साहेब म्हणाले, नव्या इमारतीत भंगार न्यायचं नाही.
म्हणून गुरुवारपासून मी आणि तडवी
मुद्देमालाची खोली उपसतोय, नाकाला रुमाल बांधून.

ट्यूबा. गावठीच्या ट्यूबा, चिरलेल्या, तरी वास धरून बसलेल्या.
मिठाचं पोतं नग एक. पोतं आहे,
मीठ खाडीच्या हवेनं कधीच परत नेलं.
सळया, सळया, सळया:
ज्या वर्षी सेक्टरांना आकडे पडले
त्या वर्षी दुसरा गुन्हाच नव्हता जणू.
एका बोचक्यात काठ्या, आमच्याच. एकवीस, त्यातल्या तीन पिचलेल्या.
जमिनीच्या मोजणीचा दिवस.
किती आणल्या, किती जमा केल्या, सगळं लिहिलंय.
कुणाला लागल्या, तो रकाना वहीत छापलेलाच नाही.

आणि तळाशी, भिंतीला टेकून, वल्हं.

चिठ्ठी वाळवीनं खाल्लेली. पण पहिली वही शाबूत:
‘बेवारस वल्हे नग एक. खाडीकाठी मिळून आले.
मालक मिळून येताच परत करणे.’
सन चौसष्ट. खाली पोलीस पाटलाची सही,
अक्षरं एका अंगाला कललेली.
तेव्हा चौकी म्हणजे पाटलाची ओटी,
एक कंदील, ही वही,
आणि पंधरवड्यातून पनवेलहून येणारा सायकलवाला हवालदार.

तडवी म्हणाला, टाका बाई टेम्पोत.
मी जेवायच्या सुट्टीत वल्हं घेऊन करावे गावात गेले.
रिक्षावाल्यानं जादा वीस घेतले, लांबीचे.

गाव शोधावं लागतं आता, बँकेच्या मागे, जिमच्या खाली.
फसूबाई, पाटलाची सून, इमारतीच्या पायरीवर
सुकट निवडत होती.
वल्ह्याच्या मुठीवरून तिनं अंगठा फिरवला.
‘बेवारस कनचा गो? पदूचा हाय यो.

दोगं भाव. बांदावरशी भांडान.
जोमा ऱ्हायचा खारीच्या पल्यार.
त्या राती पदू कोयता घेऊन निंगाला, भरती होती.
माजे सासऱ्यानी त्याचे होरीतना वल्ला कारला
नि आनून ठेवला आमचे चुलीमांगं.
पदू शिव्या घालीत ऱ्हायला काठाव. मंग ओहोटी लागली.
मंग त्याला नीज लागली.
हवालदार आला तवा वहीत काय लिवाचा?
लिवला, गावला.’

एवढाच बंदोबस्त.
गुन्हा नाही, आरोपी नाही, पंच नाहीत.
सरकारी शाईत एक खोटी नोंद.
मी असं केलं तर खात्याची चौकशी लागेल,
आणि चौकशीत कुठून हजर करू
न झालेला खून?

गेल्या महिन्यात सेक्टर अकरात दोन भाऊ, गाळ्यावरून.
धाकटा चार कॅमेऱ्यांत दिसतो.
पानवाल्याशी थांबतो, सुटे पैसे परत घेतो.
लिफ्टमध्येही दिसतो, वर जाताना, भांग नीट करताना.
फोन आल्यापासून नऊ मिनिटांत पोचलो आम्ही.
नऊ मिनिटांबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र आहे.

पदूचा नातू इस्टेट एजंट, कोपऱ्यावरच ऑफिस.
आजोबाचं वल्हं म्हटल्यावर उठून उभा राहिला, हे सांगायला हवं.
मग खोलीकडे बघितलं, छताकडे बघितलं.
‘मॅडम, ठेवू कुठं?’
फोटो काढला. चहा मागवला.
चहा बरा होता.

नव्या इमारतीतले रॅक पाच फुटी, वल्हं साडेसात.
तडवीनं ते ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे उभं केलं,
तात्पुरतं.
तक्रार द्यायला आलेली माणसं आधी त्याच्याकडेच बघतात.
एका बाईनं विचारलं, हे मारायचं आहे का?
नाही म्हटलं. बसा.

संध्याकाळी वही उघडली.
वारसाचा नकार नोंदवला तर लिलाव, नाहीतर सरपण.
शेरा: ‘शोध घेतला. मालक मिळून आला नाही.’
आणि पाटलाच्या सहीखाली, जागा होती तेवढ्यात,
माझी सही.