अकरा बावन्न

ओदातेच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात
भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असायचं.
सुईण काझुए नारिताला ते ठाऊक होतं,
म्हणून ती मनगटावरचंच बघायची.

एप्रिलची पहिली तारीख.
बाहेर वळचणीला उरलेला काळपट बर्फ,
आत चिसातो, दात आवळून,
दोन कळांच्या मधल्या उसंतीत
एकच विचारत होती :
"बारा वाजले का?"

तिथला नियमच तसा.
एक एप्रिलचं मूल मार्चाच्या टोपलीत पडतं,
वर्गातलं शेंडेफळ.
दोन एप्रिलचं मूल
मागच्या वर्गातलं सगळ्यांत थोरलं.
मधे एक रात्र. रात्र तरी कुठली,
घड्याळाचा एक टोला.

शुंपेई थांबला नाही.
अकरा बावन्न.

"आठच मिनिटं," चिसातो म्हणाली,
केस कपाळाला चिकटलेले,
"आठ मिनिटं पुढचं लिहा. कोण बघतंय?"
काझुएनं पेनाचं टोपण काढलं.
सटवाई सहाव्या रात्री येते, सवडीनं लिहिते,
आणि काय लिहिलं ते कुणाला वाचता येत नाही.
इथे पहिल्याच घटकेला, निळ्या शाईत,
अर्जावर, सहीसकट.
तिनं खरं ते लिहिलं.

शेजारच्या खोलीत बारा वीसला गेन्ता जन्मला.
त्याच्या आईनं काहीच मागितलं नव्हतं.

काझुए आता निवृत्त आहे.
तांदूळ धुताना तिला खिडकीतून
शाळेचं बेसबॉलचं मैदान दिसतं.
दोघं दहा वर्षांचे. दोघांचे बूट बावीस सेंटिमीटर.
शुंपेई पाचवीत, गेन्ता चौथीत.
पाचवीची पोरं ताडमाड, कुणाकुणाचा आवाजही फुटलेला;
त्यांच्यात शुंपेई बाकावर बसून
दुसऱ्यांची हेल्मेटं पुसतो.
तिकडे चौथीच्या संघात तेवढ्याच उंचीचा गेन्ता
टेकाडावरून चेंडू टाकतो,
आणि समोरच्या पोराला बॅट जड होते.

हाताकेयामा सर शुंपेईबद्दल म्हणतात,
गुणी आहे, पण अंगात धमक नाही.
गेन्ताबद्दल म्हणतात, उपजतच आहे.
उपजत.
शब्द अगदी बरोबर निवडला सरांनी.
त्यातली मिनिटंसुद्धा काझुएला पाठ आहेत :
अठ्ठावीस.
भात शिजतो, झाकण न उघडता थोडा मुरतो,
तेवढा वेळ.

चिसातो दर नववर्षाला पत्र पाठवते.
छापील शुभेच्छांखाली हातानं एकच ओळ :
शुंपेई बरा आहे.
काझुए ती ओळ दरवर्षी दोनदा वाचते
आणि तिला उत्तर सुचत नाही.

परवा एक चेंडू जाळीवरून
तिच्या पातीच्या कांद्यात येऊन पडला.
घ्यायला शुंपेई आला. बाकावरच्यालाच पाठवतात.
"आई म्हणते, माझ्या वेळी तुम्ही होतात."
"होते."
"मी किती वाजता झालो?"
"अकरा बावन्नला."
"आणि गेन्ता?"
"बारा वीस."
त्यानं बोटांवर हिशेब केला, मग दात दाखवत हसला.
पुढचा एक दात अजून अर्धाच उगवलेला.
"म्हणजे मीच आधी पोचलो."

टोपी काढून वाकला, कुंपणापाशी गेला,
आणि पूर्ण अंग पिळवटून चेंडू फेकला.
दोन टप्पे पडले. पलीकडच्यानं
पुढे येऊन, वाकून उचलला. कुणी काही बोललं नाही.

काझुए वाफ्यात उकिडवी बसली.
आठ मिनिटं.
निळ्या शाईचं ते पेन अजून तिच्या खणात आहे, चालतं.
चेंडूखाली दोन पाती आडव्या झाल्या होत्या,
एक मोडलेली, एक नुसती वाकलेली.
ती मातीनं दोन्हींना टेकू देत राहिली.
कुठली कुठली, ते आज तरी कळत नव्हतं.