तेवीस तारीख, दुपारी दोन

हवामान कचेरीच्या तळघरात बसून
मी जुन्या वह्या संगणकात उतरवतो.
आज एका जुलैची पाळी.

आखाताकाठच्या आमच्या शहरात
थंडीला शब्द पुष्कळ, उकाड्याला बेताचेच.
उकडून घ्यायचं ते शनिवारी, सौनात, स्वखुशीने.
हा जुलै मात्र लाल शाईने अधोरेखित:
आजवरचा सर्वांत उष्ण.

दिवसाला तीन नोंदी. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ.
अक्षर एकाच बाईचं, इर्या कोक्कोनेन.
साताच्या पोटात आडवी रेघ,
शून्य इतकं गोल की बोट घालून बघावं.
शेरे मोजके.

४: डांबर मऊ. पोस्टमनची सायकल रुतली.
९: बंदरावर मासे दुपार गाठत नाहीत. मांजरंही तोंड फिरवतात.
१६: शेजारची लेम्पी तळघरात झोपते, बटाट्यांच्या पोत्यांना टेकून.
१८: वारा नाही.
१९: वारा नाही.
२०: तेच.

मग तेवीस, दुपारी दोन.
शाईच्या रांगेत एकच आकडा पेन्सिलीचा.
एकतीस पूर्णांक चार.
शेरा नाही.
कागद तिथे जरासा फुगलेला,
जणू ओला अंगठा टेकून तसाच वाळला.

आमचे थोरले साहेब, तौनो, यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"कोक्कोनेनबाई? सव्वीस वर्षांत एक रजा नाही.
घर, टेकडीवरची ती झडपांची पांढरी पेटी, परत घर."
जिन्यापर्यंत गेले, तिथून म्हणाले,
"एकदा नदीत उतरली होती म्हणतात,
भरदुपारी, कपड्यांसकट.
नावाडी सांगायचा. पण तो काय, काहीही सांगायचा."

मी गणित करून पाहिलं.
त्या दुपारी ती एका अंशाने जरी चुकली असेल
तरी मान जातो दुसऱ्याच कुठल्या जुलैला,
दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात.
एवढ्याशा फटीतून
अख्खा महिना सांडू शकतो.

पडद्यावर चौकट विचारते:
मोजलेला, की अंदाजे?

पंखा मान हलवतोय, हो नाही, नाही नाही.
माझा शर्ट खुर्चीला चिकटलाय.
वर रस्त्यावर आज कोणी तरी नवी वही
भरत असेलच, आता यंत्रच भरतं,
त्याला नदी माहीत नाही.

आणि ती, गळ्याइतक्या पाण्यात,
केसांतली पिन ओठांत धरून,
डोक्यावर तो सगळा सूर्य.
पाऱ्याला तरी आणखी काय कळलं असतं?

मी लिहिलं: मोजलेला.

खालची नोंद, त्याच रात्री आठची, पुन्हा शाईत,
हात स्थिर, शून्य गोल.
सव्वीस पूर्णांक शून्य.
वारा: थोडा, पाण्याकडून.