हात लावू नये

मोठ्यांना साठ रुपये, मुलांना तीस,
ज्येष्ठांना चाळीस, आधार कार्ड दाखवून.
बाबांनी ते काढलं पाकिटातून,
पाकीट प्लास्टिकच्या पिशवीतून,
पिशवी दोन रबरांतून,
तोवर मागची रांग घामाघूम.
पुनाजी सोमा केळुसकर, वय एकोणऐंशी.
खिडकीतल्या मुलीने नाव वाचलं, फोटो पाहिला,
आणि तिकीट फाडून दिलं, कुणालाही देतात तसं.

संग्रहालय होऊन पंचवीस वर्षं झाली,
बाबा एकदाही आले नव्हते.
आपणच आपल्याला बघायला पैसे कसले द्यायचे, म्हणायचे.

मे महिना. सड्याचा कातळ चपलेतून वर येत होता.
मुलांना आधी हवा होता डायनासोर
(कोकणात कुठला डायनासोर, पण आहे,
हिरवा, शेपटीची घसरगुंडी केलेला),
मग कोकम सोडा, मग शी.

मग सिमेंटचं गाव. सिमेंटच्या कोंबड्या.
सिमेंटच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याशी
पंचवीस वर्षं वस्तरा धरून उभा न्हावी.
तेली, कुंभार, जाळं विणणारे गाबीत,
काथ्या कुटणाऱ्या तिघीजणी,
त्यातल्या एकीचं नाक कुणीतरी नेलेलं.

आणि कोपऱ्यात, अर्ध्या माडावर, बाबा.

मी तेव्हा चौदा वर्षांची.
कुडाळचा मूर्तिकार आमच्या पडवीत उतरला होता.
त्याने बाबांच्या तोंडावर प्लॅस्टर थापलं,
नाकपुड्यांत पपईच्या देठाच्या दोन नळ्या,
आणि पाऊण तास हलायचं नाही.
आई दारातून म्हणाली,
‘बरा झाला, जरा गप तरी बसलो.’
तीन दिवसांची मजुरी मिळाली, वर एक शर्ट.
शर्ट आईने मग उशीच्या अभ्य्रात घातला.

मूर्तिकाराने सुरकुत्या गाळल्या,
वाकडा अंगठा सरळ केला,
आणि मिशी लावली.
बाबांना मिशी कधीच नव्हती.
खाली पाटी: भंडारी, माडी काढताना.
त्याखाली दुसरी: हात लावू नये.

‘आजोबा, तुम्ही?’ वेदने विचारलं.
‘मी न्हय तो. माझो भाव असतलो.’

मुक्ताने फोटो काढला,
मोबाइल तिरका धरून, म्हणजे दोघेही मावतील.
बाबा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते.
ते बघत होते त्याच्या पायांकडे,
घोट्यांभोवतीच्या सुंभाच्या फासाकडे.
सुंभ खरं होतं, तेवढंच एक खरं.
मान डावीकडे, मान उजवीकडे,
जसे ते कधीकाळी माझी वेणी तपासायचे
शाळेच्या फोटोच्या दिवशी.

‘ही गाठ चुकीची आसा,’ ते म्हणाले. ‘पडतलो मेलो.’

आणि मला कळायच्या आत
लोखंडी साखळी ओलांडून आत.
एकोणऐंशी वर्षांचा माणूस एवढा पाय उचलतो,
हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगणार नाही.

पोऱ्या धावत आला, शिटी तोंडात,
गळ्यात ओळखपत्र: दिगंबर.
‘ओ आजोबा, हात लावू नका! पाटी दिसत नाय?’
‘दिसता. धर ह्यां टोक.’
दिगंबरने टोक धरलं.
का धरलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.
शिटी ओठांतच लोंबत राहिली.

गाठ सुटायला वेळ लागला,
पंचवीस वर्षांची धूळ, वर कुणीतरी ओतलेला फेव्हिकॉल.
बाबांनी दातांचा उपयोग केला, कवळी असूनही.
मग एक पीळ उलटा, एक खालून,
आणि शेवटचा असा काही, की मला तो दिसलाच नाही.
मी तिथेच उभी होते, डोळे उघडे ठेवून.

सिमेंटच्या पोटरीवर त्यांनी दोनदा थापटलं.
‘आता चढ,’ म्हणाले.

दिगंबरने शिटी खिशात घातली,
साखळी पुन्हा अडकवली,
आणि अगदी हळू विचारलं, मिशी खरी होती का.

बाहेर आल्यावर बाबांना बसायचं होतं.
बसलो डायनासोरच्या सावलीत.
मुलं घसरत होती, वर जात होती, घसरत होती.
बाबांनी तिकीट उलटून पाहिलं, मागे चक्कीची जाहिरात,
घडी घातली,
पिशवीत, पाकिटात, आणि दोन रबरं.
‘चाळीस रुपये,’ म्हणाले.
पुढे काही बोलले नाहीत.